पाच म्हणजे स्वच्छ

सुरतेत घर भाड्याने द्यायचं असलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरात मांसमच्छी शिजणार का? आमच्या घरमालकांचा पहिला प्रश्न वेगळा होता. "अंगावर काही उठतं का?"

माझ्या नवऱ्याला वाटलं, हा माणूस आम्हाला खरूज आहे का ते विचारतोय. तो जरा दुखावून म्हणाला, "नाही हो. आम्ही स्वच्छ राहणारी माणसं आहोत." त्यावर मालक हसले आणि म्हणाले, "ते तुम्ही नाही सांगायचं. ते पट्टी सांगेल." मग त्यांनी नवऱ्याला शर्ट काढायला लावला आणि त्याच्या पाठीवर आठ चिकटपट्ट्या लावल्या. कुठल्या पट्टीखाली गव्हाचं पीठ, कुठल्या पट्टीखाली बेसन, कुठे दुधाची पावडर, कुठे हळद. माझ्या दंडावर त्यांच्या बायकोने लावल्या. दोन दिवस अंघोळ करायची नाही आणि मग चावी न्यायला यायचं, असं फर्मान निघालं. मे महिन्यातली सुरत आणि दोन दिवस अंघोळ नाही! पण पर्वत पाटिया भागात, नवऱ्याच्या कापड मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हवेशीर दोन खोल्या मिळत होत्या. आम्ही खाजवत खाजवत दोन दिवस काढले.

सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची. मीही तेच म्हणते. त्यांना नाव आहे, पण इथे छापून यावं एवढी त्यांची लायकी मला वाटत नाही.

काका मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणीच सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये चिकटले. मिलच्या लॅबमध्ये त्यांचं काम रंग जुळवण्याचं. व्यापाऱ्याने पाठवलेला कापडाचा तुकडा समोर ठेवायचा, तसाच रंग तयार करायचा, दोन्ही तुकडे उजेडात धरायचे आणि फरक किती ते सांगायचं. धुतल्यावर रंग किती उतरतो, तेही त्यांना बघावं लागे. त्याला त्यांच्याकडे एक करडी पट्टी होती, एक ते पाच नंबरांची. पाच म्हणजे रंगाला काही झालेलं नाही, एक म्हणजे कापड वाया गेलं. या कामात ते म्हणे फार हुशार होते. असतीलही. कापडाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पुढे त्यांच्या हातांना कातडीचा त्रास सुरू झाला. बोटांच्या बेचक्यांत भेगा, खाज, पाणी. त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावल्या, दोन दिवसांनी काढल्या आणि एका लाल रंगावर बोट ठेवून सांगितलं, हा रंग तुम्हाला चालत नाही. तो रंग हाताळणं काकांनी बंद केलं आणि हात बरे झाले. डॉक्टर बरोबर होते, पट्टी बरोबर होती, गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण आयुष्यात एकदा एक गोष्ट बरोबर निघाली की काही माणसं तिच्यावर उरलेलं आयुष्य काढतात. काकांनी निवृत्तीनंतर चिकटपट्टीची रिळं आणली, मिलमधून येताना बरोबर आणलेली दातेरी कातर काढली, आणि जगातल्या यच्चयावत पदार्थांची माणसांच्या अंगावर तपासणी सुरू केली.

"शरीर म्हणजे कापड," ते म्हणायचे. "कुठला रंग धरतं, कुठला सोडतं, ते आधी बघायचं. मग खायचं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही कुणी शरीर हा शब्द उच्चारला की माझे दात शिवशिवतात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात छोटा टॉर्च, पँटच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ, अशा थाटात ते सकाळी जिन्याखालच्या खुर्चीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे हात धरत. पट्टी काढली की तिथली लाली ते सकाळच्या उजेडात गॅलरीत नेऊन बघत, कारण पिवळ्या दिव्यात शेड वाचायची नसते. तीच करडी पट्टी दंडाजवळ धरत. डोळे बारीक करत. मग निकाल देत. "बेसन चार. हळद पाच. दूध अडीच, बंद करा." माणसाच्या कातडीला अर्धा नंबर देणारा दुसरा महाभाग मी पाहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, लोक ऐकून कसे घेत? तर लोक आनंदाने ऐकून घेत. डॉक्टर म्हणतो, बघू या. डॉक्टर म्हणतो, असंही असेल, तसंही असेल. काका म्हणत, अडीच. फुकटात आकडा मिळाला की आपल्या लोकांना फार बरं वाटतं, मग तो आकडा कुठून का येईना.

दुसऱ्या मजल्यावर शिरपूरकडचं एक कुटुंब होतं. नवरा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला. त्याला रोज सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू व्हायच्या, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस. काकांनी त्याचं दही बंद केलं. मग केळी बंद केली. मग तुरीची डाळ, मग भात. माणूस वाळून खारीक झाला, शिंका होत्या तिथेच. लग्नापासून वापरात असलेली त्याची ती जुनाट कापसाची गादी, जिला झटकलं की धुळीचा लोट उठायचा, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण गादी पट्टीखाली मावत नाही. पुढे तो महिनाभर गावी गेला, उघड्यावर खाटेवर झोपला, दही-भात-केळी सगळं हाणलं आणि एकदाही शिंकला नाही. परत आला आणि पहिल्याच सकाळी शिंका हजर. काका म्हणाले, "बघा, गावी पथ्य नीट पाळलं असणार."

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सगळी सुरत घारी खाते. तुपात थबथबलेली, माव्याने भरलेली ती जड मिठाई लोक पेट्याच्या पेट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसून खातात. आमच्या बिल्डिंगमध्ये काकांनी घारी वाटली ती मटाराच्या दाण्याएवढी, प्रत्येकाला एक, वर चिकटपट्टीचा एक तुकडा. आधी लावा, मग दोन दिवसांनी खा. दोन दिवसांनी दुकानात घारी शिल्लक नव्हती. स्वतःच्या पुतण्याचं लग्न ठरताना त्यांनी नंदुरबारला मुलीकडे पत्रिकेबरोबर दहा पट्ट्या पाठवल्या होत्या. मुलीने पट्ट्या परत पाठवल्या आणि विचारलं, मुलगा लग्न करणार आहे की मला रंगवायला टाकणार आहे? लग्न मोडलं. मला ती मुलगी न भेटताच आवडते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. आम्ही नेतच होतो. काकांचं सोंग आम्हाला संध्याकाळच्या चहाबरोबर पुरायचं.

काकू मात्र फार चांगली बाई. काकांच्या मानाने अर्धी, आवाज त्याहून लहान, घरात अहिराणीच बोलणारी. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. आमची ओवी तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि तिचं बालमंदिर दुपारी सुटायचं. तिला आणायची, जेवू घालायची, झोपवायची आणि मी येईपर्यंत सांभाळायची, हे सगळं काकू करायच्या. पैशाची गोष्ट काढली की रागावायच्या. सुरतेत आमचं दुसरं कुणी नव्हतं. काकू नसत्या तर माझी नोकरी नसती, हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी काकांना सहन करत होते.

ओवीच्या अंगावर अधूनमधून गांधी उठायच्या. कधी पाठीवर, कधी गालावर, तासाभरात जायच्या. सासूबाई फोनवर उष्णता म्हणायच्या, नवरा डास म्हणायचा. काकांनी अर्थातच पट्ट्या लावल्या. गहू तीन, टोमॅटो दोन, दूध अडीच आणि शेंगदाणा स्वच्छ पाच. नवऱ्याने दूध आणि पोळी बंद केली. तो कापडाच्या धंद्यातला माणूस, त्याला करड्या पट्टीचा भारी आदर. पोर भाताच्या पेजेवर आली, चेहरा एवढासा झाला, पण शेंगदाणा पाच, म्हणून चिक्की खुशाल चालू. संक्रांतीला तिने चिक्कीचा मोठा तुकडा खाल्ला. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर लाल चकंदळं उठली आणि ती भडाभडा ओकली. त्या दिवशी मी नवऱ्याला काय काय बोलले ते लिहीत नाही.

आम्ही ओवीला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई गुजराती होत्या, शांत आणि नेमक्या. त्यांनी आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं, किती वेळाने उठलं, किती वेळात गेलं. मग ओवीच्या हातावर थेंब ठेवून बारीक सुईने नुसतं टोचल्यासारखं केलं. थोड्या वेळात शेंगदाण्याच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी भली मोठी गांध उठली. दूध, गहू, टोमॅटो, सगळं सपाट. रक्ताची तपासणीही तेच म्हणाली. मी काकांच्या पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, पट्टीची तपासणी खरी असते, पण ती कातडीला लागणाऱ्या गोष्टींची, रंग, धातू, सिमेंट असल्या. खाल्ल्यावर मिनिटांत उठणारी अॅलर्जी वेगळी, ती दोन दिवस पट्टी लावून कळत नाही. मग दूध अडीच कसं आलं? त्यांनी ओवीच्या दंडावरच्या जुन्या चौकोनी डागांकडे बोट दाखवलं. "बेन, आ तो चिकटपट्टीनी लाली छे."

म्हणजे माझ्या मुलीचं दूध एका चिकटपट्टीने तोडलं होतं.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. नुसती तपासणी म्हणजे अॅलर्जी नव्हे, खाल्ल्यावर काय झालं ते आणि तपासणी दोन्ही जुळलं पाहिजे. ओवीचं जुळत होतं. शेंगदाणा कुठल्याही रूपात बंद. नुसत्या गांधी उठल्या तर औषध पाजा. पण आवाज बदलला, खोकला आला, श्वास अडला, ओठ सुजून वर उलटी झाली, तर विचार करत बसू नका, आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मग आडवं झोपवा, मग दवाखाना. बरं वाटलं तरी दवाखाना, कारण ते परत उलटू शकतं. त्यांनी मला इंजेक्शन भरायला आणि टोचायला शिकवलं, सिरिंजवर पेनाने खूण करून दिली. ते पाकीट मी पर्समध्ये ठेवायला लागले.

काकांना मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं, माणूस लॅबमधला आहे, निदान ऐकेल तरी. त्यांनी ऐकलं आणि नाकाने कांदे सोलायला सुरुवात केली. "ताई, टेस्ट एटले टेस्ट. पंधरा मिनिटांत कसली टेस्ट? आम्ही एक शेड पास करायला दोन दिवस घेतो. सुई टोचली तर कुणाचीही कातडी फुगेल."

"मग दुधाची का नाही फुगली?"

"दुधाची सुई हलकी लागली असेल," काका म्हणाले.

बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगायला सुरुवात केली की वरच्या ताईंना डॉक्टरांनी फसवलं. ओवी दिसली की ते तिचा दंड हातात घेऊन मान हलवत, जणू चांगलं कापड चुकीच्या रंगात घातलं जातंय. मला ते बघून भयंकर राग यायचा. पण मी तो गिळला, आणि काकूंना बाजूला घेऊन हात जोडून सांगितलं, काकू, शेंगदाण्याचं काहीही तिच्या पोटात जाऊ देऊ नका, जीव जाईल. काकूंचे डोळे मोठे झाले. "कायजी करू नको वं माय," त्या म्हणाल्या, "मी पोरीले दाना देवाव नही." आणि त्यांनी खरंच स्वयंपाकघर आवरलं. चिक्कीचा डबा, लाडू, भाजलेल्या दाण्यांची बरणी, सगळं माळ्यावर चढवलं. पोह्यांतले दाणे वेचताना मी त्यांना पाहिलं आहे. ओवीचा डबा मीच देत असे, तरीही.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा काकांचं दार उघडं होतं. ओवी काकांच्या मांडीला मांडी लावून खाली बसली होती, समोर ताटली, ताटलीत अर्धी पोळी आणि काकडीची कोशिंबीर. डब्यातलं दुपारीच संपलं, पोरीला भूक लागली, म्हणून काकूंनी वाढलं होतं. मी चपला काढता काढता सवयीने विचारलं, "काकू, दाणे नाहीत ना त्यात?"

"नही वं माय, एक बी दाना नही त्यामा."

तेवढ्यात ओवी म्हणाली, "आई, घशात टोचतंय."

तिचा आवाज घोगरा होता. मी जवळ जाईपर्यंत तिने दोनदा खोकून घशाला हात लावला. खालचा ओठ बाजूने फुगायला लागला होता. मी पुन्हा ओरडून विचारलं, आणि काकूंनी गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून सांगितलं, दाना नाही. एक नाही.

"दही आहे त्यात," काका म्हणाले. "दूध अडीच. मी तेव्हाच सांगितलं होतं."

ते घाबरले नव्हते. हे मला त्यांच्याबद्दल कधीच विसरता येणार नाही. ते खूश होते. त्यांनी ओवीचं मनगट धरलं, तिचा हात ट्यूबलाइटखाली उचलला आणि दुसऱ्या हाताने खिशातला टॉर्च काढला. तिच्या हातावर गांधी उठत होत्या आणि तो माणूस त्या एक एक करून बघत होता. मी पर्समधून पाकीट काढलं तर म्हणाले, "थांबा ताई, घाई नका करू. रंग पूरा येऊ द्या. अर्ध्या रंगात शेड वाचता येत नाही."

"हात सोडा तिचा."

"दुधाला सुई लागत नाही, ताई. सुई टोचली की सगळी टेस्ट खराब."

मी त्यांना ढकललं. वयाने वडिलांएवढ्या माणसाला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं, ते मागे खुर्चीत जाऊन आदळले आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. इंजेक्शन भरलं, खुणेवर आलं की नाही ते दोनदा बघितलं, आणि ओवीच्या फ्रॉकखाली मांडीत सुई घातली. ती किंचाळली. तिला किंचाळता येतंय, हे ऐकून मला रडू आलं. काकू दारातून रस्त्यावर रिक्षा, रिक्षा असं ओरडत धावल्या. ओवीला मी मांडीवर आडवी घेतली. काकूही रिक्षात चढल्या, आणि काकाही. कशाला आले ते देव जाणे. बहुधा निकाल बघायला.

दवाखान्यात पोचेपर्यंत ओवीचा श्वास मोकळा झाला होता. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं आणि म्हणाले, इंजेक्शन वेळेवर दिलंत, बेन, रात्रभर इथेच ठेवू या. मग त्यांनी विचारलं, काय खाल्लं होतं? काकू पुढे झाल्या. त्यांनी बोटांवर मोजत एकेक जिन्नस सांगितला. काकडी. दही. मीठ. साखर. कोथमेर. कूट.

कूट. माझ्या सासरी आणि माहेरी, आमच्या आणि त्यांच्या, सगळ्या मराठी स्वयंपाकघरांत मिठाशेजारी डब्यात भरून ठेवलेला कूट. काकूंनी दाणे माळ्यावर चढवले, पण कुटाचा डबा ओट्यावर तिखट-मिठाच्या रांगेत तसाच राहिला, कारण तो कुणी दाणा म्हणून मोजतच नाही. आपण विचारतो, दाणे घातले का, आणि समोरची बाई खरं तेच सांगते, नाही घातले. काकू खोटं बोलल्या नव्हत्या.

डॉक्टरांना कळलं नाही. "कूट एटले शुं?" त्यांनी विचारलं.

उत्तर काकांनी दिलं. दोन्ही भाषा येणारे, आयुष्यभर लॅबमध्ये ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत रंग मोजलेले काका म्हणाले, "सिंगनो भूको, साहेब."

"एटले सिंग ज ने!" डॉक्टर म्हणाले. म्हणजे शेंगदाणाच ना.

"ना ना," काका हात हलवत म्हणाले. "भूको. दाणा नथी नाख्या." म्हणजे पूड आहे, दाणे नाही घातलेले.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना समजलं होतं. त्या तोंडावर पदर घेऊन रडत होत्या आणि मी त्यांना काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं जे होतं ते दुसऱ्या माणसासाठी होतं.

सकाळी आम्ही ओवीला घरी आणलं. मी रजा टाकली. त्याच दिवशी दुपारी काका जिना चढून वर आले. मला वाटलं, माफी मागायला आले. माणूस कितीही आडमुठा असला तरी अशा वेळी दोन शब्द बोलतो. काकांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर कूट.

"ताई, मी रात्रभर विचार केला," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

मी दार पूर्ण उघडलं.

"मी दाण्याची टेस्ट केली होती. कुटाची केलीच नव्हती. बारीक केल्यावर मालाचा गुण बदलतो, रंगातही तसंच असतं. इंजेक्शनचा असर उतरला की दोन दिवस पट्टी लावू. हात द्या पोरीचा."

ओवी माझ्या मागे उभी होती. तिने गेले कित्येक महिने या माणसापुढे मुकाट्याने हात केलेला होता, आत्ताही ती करायला लागली होती. मी तिला आत ढकललं. मी काकांना जे बोलले ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. त्यात तुम्ही मूर्ख आहात हे होतं, तुम्ही खुनी आहात हेही होतं, आणि एकही शब्द मी परत घेतलेला नाही. ते शांतपणे ऐकत होते. आवाज चढलेल्या माणसाची त्यांना कीव येत असावी.

काकू त्यांच्या मागे जिन्यात कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि काकांच्या पुढ्यात हात धरला. "आते मना हातवर लावा," त्या म्हणाल्या. "मीच तिले खावाडं."

मी बाईमाणूस, मला त्या आवाजातलं सगळं ऐकू आलं. ती विनंती नव्हती, तो धिक्कार होता. चाळीस वर्षं ज्या माणसाला उलटून शब्द बोलल्या नाहीत त्याच्या तोंडावर त्यांनी तो हात धरला होता. कुणीही माणूस असता तर शरमेने खाली मान घातली असती.

काकांनी दातेरी कातरीने नीट चौकोन कापला, त्यावर कूट ठेवला आणि बायकोच्या हातावर पट्टी लावली. वर म्हणाले, "दोन दिवस पाणी लागू देऊ नको."

त्या दोन दिवसांत आम्ही अडाजणला घर बघितलं. माझ्या नवऱ्याने, करड्या पट्टीच्या त्या भक्ताने, पहिल्यांदा स्वतःहून धावपळ केली. दोन दिवस पुरे झाल्यावर सकाळी मी ओवीला कडेवर घेऊन, खोल्या सोडतोय हे सांगायला खाली गेले. ते दोघं गॅलरीत होते. काकांनी काकूंचा हात उजेडात धरला होता आणि पट्टी सोलून काढली होती.

"पाच," काका मला बघून म्हणाले. "एकदम स्वच्छ, ताई. कूट निर्दोष आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कडेवरच्या ओवीकडे. त्यांचा हात थरथरायला लागला.

"पोरगी मरी जाती," त्या म्हणाल्या.

"हात हालाडू नको," काका म्हणाले, "शेड दिखत नही."